फ्लेक्सच्या पाठीवरची चित्रं

प्रदर्शन यशस्वी झालं. सत्तावीस चित्रांपैकी सव्वीस चित्रं लोकांनी दोन तासांत आपापल्या घरी नेली. पालम तालुक्यात चित्रांना एवढी मागणी याआधी कधी आली नव्हती.

हे मी काही बोललोच नाही असं धरा. प्रदर्शन अजून व्हायचंय. भिंती रिकाम्या आहेत, आणि दिपाली माझ्या दुकानात खाली मांडी घालून एका फ्लेक्सच्या पाठीवर मेंढीचा कान रंगवत बसलीय.

दुकान फ्लेक्स छपाईचं. मी गोपाळ, तिथला डिझायनर. तालुक्यात कुणाचा वाढदिवस असो, निवड असो, पुण्यस्मरण असो, मधला मोठा चेहरा आणि खाली रांगेनं हात जोडलेले शुभेच्छुक मीच बसवतो. शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांचे आकार मानाप्रमाणे लहानमोठे ठेवावे लागतात. हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. एकदा एका उपसरपंचाचं डोकं सदस्याच्या डोक्यापेक्षा जरा लहान झालं, तर आठ दिवस मला मागच्या गल्लीतून घरी जावं लागलं होतं.

तर मी डिझायनर, लग्नात कीबोर्ड वाजवणारा भुजंग हा संगीतकार आणि दिपाली चित्रकार, असं आमचं तिघांचं उगवती कला मंडळ. उद्देश, नवोदित चित्रकार, डिझायनर व संगीतकारांना व्यासपीठ मिळवून देणे. व्यासपीठ भुजंगच्या ओळखीच्या मंडपवाल्याकडं पडूनच होतं. आमची अडचण एवढीच होती की त्यासमोर कुणी बसायला तयार नव्हतं.

दिपालीचं घर मेंढरांचं. कळप ओळखू यावा म्हणून मेंढ्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतात. ते काम घरात तिच्याकडं होतं. नुसता ठिपका द्यायचा असायचा. ही ठिपक्याला पाय काढायची, शिंगं काढायची. तिचे वडील सटवाजीमामा मला एकदा म्हणाले होते, की बाजारात गिऱ्हाईक मेंढी सोडून मेंढीवरची मेंढीच बघत बसतंय. पुढं तिला मोठी जागा पाहिजे झाली. कॅनव्हास इथं मिळत नाही. वाढदिवस संपला की फ्लेक्स मात्र रोज उतरतात, आणि फ्लेक्सची पाठ पांढरीशुभ्र असते. दारंखिडक्यांचा ऑइलपेंट तिच्यावर घट्ट बसतो. मी उतरलेले फ्लेक्स तिला देत गेलो. पुढची बाजू माझी, मागची तिची, असं दोन वर्षं चाललं.

मला चित्रातलं फार कळत नाही. पण तिच्या एका फ्लेक्सवर नुसती धूळ होती. कळप येऊन गेल्यानंतरची, खाली बसत चाललेली. मी ते बघून कॉम्प्युटरवर परत गेलो आणि एका भावी सभापतीच्या चेहऱ्यामागं सूर्याची किरणं टाकायचं काम पुढं चालू केलं. त्या दिवशी किरणं काही नीट पडली नाहीत.

पुण्याच्या एका कला केंद्राची जाहिरात भुजंगनं मोबाईलवर दाखवली. खेड्यापाड्यांतल्या नवीन कलाकारांसाठी वर्षभर राहायला खोली, काम करायला जागा, शिकवायला माणसं. आम्ही फोटो पाठवले. तिकडून कळलं की फोटो आवडले, पण निवड समितीची एक व्यक्ती स्वतः येऊन प्रदर्शन बघेल. कमीत कमी पाच मूळ चित्रं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निवड होत नाही, आणि पाहणी एकदाच होते. राजनंदिनी मॅडम येणार होत्या, ऑक्टोबरातल्या एका रविवारी. पाचच लागत होती. आमच्याकडं सत्तावीस होती. आम्ही तिघं त्या दिवशी फार निवांत झोपलो.

दिपालीला वीस वर्षं पूर्ण झाली होती. येलदरीकडचं एक स्थळ आलेलं, मुलगा चांगला, घरचे चांगले. दिवाळी झाली की सटवाजीमामांना मेंढरं घेऊन बाहेर पडायचं असतं, त्यामुळं लग्न त्याआधी किंवा मग पुढच्या पावसाळ्यात, आणि पावसाळ्यापर्यंत तिकडचे थांबणार नव्हते. मामा काही सिनेमातले बाप नव्हते. त्यांनी लेकीला समोर बसवून सरळ सांगितलं होतं, "त्यांनी बोलावलं तर पुण्याला जा, मी येलदरीवाल्याला न्हाई म्हणतो. न्हाई बोलावलं तर येलदरी."

यावर तिची आई म्हाळसाबाई म्हणाली होती की दोन्हीकडं पाणी चांगलं हाय.

प्रदर्शनाला जागा पाहिजे. तालुक्यात एवढ्या लांब भिंती एकाच मंगल कार्यालयाला आहेत, आणि ते सूर्यभानरावांचं. सूर्यभानराव म्हणजे आमचे भाऊ. गेल्या तीन निवडणुकांपासून ते भावी आमदार आहेत. सलग एवढी वर्षं भावी राहणं सोपं नाही, त्याला माणूस लागतो. त्यांनी जागा फुकट दिली. बदल्यात उद्घाटन त्यांच्या हातून. मी लगेच हो म्हणालो.

फ्लेक्स लावायचं काम बन्सीधरकडं दिलं. बन्सीधर बारा वर्षं तालुक्यातला प्रत्येक फ्लेक्स लावतो आणि उतरवतो. मी त्याला शनिवारी सगळं बजावून सांगितलं. दोरी ताणून बांध, सुरकुती नको, भिंतीला खिळा नको, सगळे एका उंचीवर, माणसाच्या डोळ्यासमोर आले पाहिजेत. त्यानं मान डोलावली. कोणती बाजू पुढं, हे मी सांगितलं नाही. फ्लेक्सची कोणती बाजू पुढं हे बारा वर्षांत कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी आणि दिपाली गाडी करून मॅडमना आणायला परभणी स्टेशनला गेलो. पाहुणी बाईमाणूस, म्हणून न्यायला बाईमाणूस पाहिजे, असं भुजंगचं मत पडलं, आणि ते बरोबरच होतं. गाडी आली, गेली. मॅडम उतरल्या नाहीत. मग त्यांचा फोन आला. त्यांना डोळा लागला होता, परभणी मागं गेली, आणि गाडी पुढं पिंगळीला क्रॉसिंगसाठी थांबली तेव्हा त्या घाईनं खाली उतरल्या होत्या. आम्ही पिंगळीला गेलो. मॅडम फलाटावर एका शेळीशेजारी बसल्या होत्या. दिपालीनं आधी शेळीकडं बघितलं, मग मॅडमना नमस्कार केला.

तिथून पालम गाठेपर्यंत दीड वाजला. वाटेत भुजंगचे अकरा मिस्ड कॉल आलेले दिसले. कीबोर्ड लावताना त्याचा हात चुकून मोबाईलवर पडत असेल, असं मी दिपालीला सांगितलं.

मंगल कार्यालयाच्या दारात रांगोळी होती, फीत कापलेली होती, आत भिंती मोकळ्या होत्या. ताणलेल्या दोऱ्या तेवढ्या एका उंचीवर होत्या. माणसाच्या डोळ्यासमोर.

काय झालं ते भुजंगनं सांगितलं. बन्सीधरनं सकाळी सातला फ्लेक्स लावायला घेतले. मागं रंगरंगोटी दिसली, पण तो म्हणाला पोरासोरांनी घाण केली असंल. पुढच्या बाजूला पुढाऱ्यांचे चेहरे. एकदा वाऱ्यानं एक फ्लेक्स फिरला आणि नेत्याचं तोंड भिंतीकडं झालं, तेव्हा बन्सीधरच्या दोन थोबाडीत बसल्या होत्या. वाऱ्याला कुणी काही बोललं नव्हतं. तेव्हापासून तो कुणाचंही तोंड भिंतीकडं जाऊ देत नाही. त्यानं सत्तावीस फ्लेक्स तोंडं पुढं करून लावले, आणि ओल्या फडक्यानं चेहऱ्यांवरची धूळ पुसून चहाला गेला.

भुजंग दहा वाजता आला तेव्हा भाऊ दारात उतरत होते. स्वागताची धून वाजवायला घेतली आणि त्याची नजर भिंतीवर गेली. पण प्रमुख पाहुणे खुर्चीत बसेपर्यंत धून थांबवायची नसते. मधेच थांबली तर तो अपमान होतो. आणि भाऊ बसले नाहीत. भाऊ भिंतीवर स्वतःच्या वाढदिवसाचे चार फ्लेक्स बघत उभे राहिले. भुजंग एका हातानं वाजवत होता, दुसऱ्या हातानं मला फोन लावत होता आणि भुवयांनी बन्सीधरला खुणा करत होता. बन्सीधरला वाटलं, हा रंगात आलाय.

दीड तास ती धून चालली.

माणसं लोटली. नुसत्या चित्रांना आलं नसतं एवढं गाव आलं. प्रत्येकानं भिंतीवर आपलं डोकं शोधलं. कुणाला दोन वर्षांपूर्वीचे आपले केस सापडले. किशनराव नावाच्या एका शेतकऱ्याला खालच्या रांगेत त्यांचा वारलेला भाऊ सापडला; त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. त्यांनी भाऊंना विचारलं, हा नेऊ का. भाऊ म्हणाले, न्या की, जनतेचंच हाय. तिथून पुढं कुणी विचारलं नाही.

राहिला एकच. एका म्हाताऱ्याचा, हार घातलेला, भावपूर्ण श्रद्धांजली. तो घरी कोण नेणार.

दिपाली त्या श्रद्धांजलीपाशी गेली, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स उलटा केला. मागं बाभळीखाली व्यायलेली मेंढी होती, आणि आपण आता आहोत हे अजून न समजलेलं कोकरू.

मॅडम त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग हळू म्हणाल्या, "बाकीची कुठायत?"

तेवढ्यात सटवाजीमामा आले. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स, कपाळाला गुलाल. दिपाली त्यांच्याकडं बघत राहिली. मामांनी मॅडमना रामराम घातला आणि फ्लेक्स जमिनीवर उलगडला. भाऊंच्या वाढदिवसाचा. खालच्या रांगेत डावीकडून नववा, सुपारीएवढा चेहरा मामांचा होता. समाजाचा एक माणूस रांगेत पाहिजे म्हणून मीच तो दोन वर्षांपूर्वी बसवला होता. मामांना ते आजपर्यंत माहीत नव्हतं.

"ह्यो मी," मामा मॅडमना म्हणाले. "छापलाय मला."

"आबा," दिपाली म्हणाली, "उलटा करा."

मामांनी उलटा केला. मागं अख्ख्या फ्लेक्सभर एक माणूस होता. खांद्यावर घोंगडं, पुढं कळप, पाठमोरा चालत निघालेला. मामांनी तो खालपासून वरपर्यंत बघितला.

"ह्यो कोण हाय?"

"तुमी."

"माझं तोंड कुठाय मग?"

ती म्हणाली, "तुमी पुढं असता आबा. मी मागून येते. मला एवढंच दिसतं."

मामांनी फ्लेक्स पुन्हा सुलटा केला, नववा चेहरा बोटानं चाचपला, पुन्हा उलटा केला, आणि मग कोणती बाजू वर ठेवावी हे न कळून हातात तसाच उभा धरला.

मॅडमनी पिशवीतून अर्ज काढला. त्यावर पाच चौकटी होत्या. दोन भरल्या. राहिल्या तीन. त्यांची परतीची गाडी संध्याकाळची, म्हणजे चारला पालम सोडावं लागणार. मी म्हणालो मॅडम, फोटो तर तुम्ही सगळे पाहिलेत, तीनदा सही करा, कुणाला कळायलंय. मॅडम खाली बघून म्हणाल्या की त्यांना मनापासून करावंसं वाटतंय. त्यांनी कदाचित सह्या केल्याही असत्या. पण दिपाली म्हणाली, "नका करू मॅडम. न बघता बघितलं म्हणणारे इथं लय हायत."

तिला नंतर मी यावरून खूप बोललो. बोलून झाल्यावर मला कळलं की मी तिच्याशी नाही, दुकानातल्या पंख्याशी बोलत होतो. ती कधीच निघून गेली होती.

आम्ही गाडी काढली. किशनरावांचं शेत जवळ होतं, आधी तिथं गेलो. आभाळ भरून आलं होतं आणि त्यांनी फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर टाकून वर वीसेक दगड ठेवले होते, भावाचा फोटो वर, दिपालीचं चित्र सोयाबीनकडं. किशनराव भला माणूस. गंजी उघडून देता येणार नाही म्हणाले, पण मॅडम एवढ्या लांबून आल्यात म्हणून एक कोपरा उचलून धरतो. मॅडम चिखलात गुडघ्यावर बसल्या. कोपऱ्यात एक खूर होता.

"खूर चालंल का?" भुजंगनं विचारलं.

मॅडमनी मान हलवली. नियमात पूर्ण कलाकृती असं होतं.

मग भाऊंकडं. भाऊंनी नेलेले फ्लेक्स तीन होते, आणि आम्हाला लागत होते तीन. एवढा मेळ मी आयुष्यात कधी बघितला नव्हता. तिन्ही त्यांच्या फाटकावर ओळीनं बांधूनही झाले होते. समोर रस्त्यावर पंधरावीस माणसं उभी.

मी म्हणालो, भाऊ, पाच मिनिटं फक्त उलटे करायचेत. तुमच्या तालुक्यातली पोरगी पुण्याला जाईल.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "गोपाळ, तू शहाणा माणूस हायस. मला सांग, माझी तीन तोंडं एकदम भिंतीकडं झाली, आणि एकानं मोबाईलवर फोटो काढला, तर संध्याकाळपर्यंत काय बातमी व्हती?"

"पण भाऊ, मागं चित्रं हायत."

"तेच म्हणायलोय मी. माझ्या मागं काय हाय हे लोकांनी का बघावं?"

मॅडम म्हणाल्या, आपण फाटकाच्या आतून बघू का? आम्ही आत गेलो. फ्लेक्स फाटकाच्या पत्र्यावर सपाट बांधलेले होते. आतून पत्रा दिसला. मॅडमनी त्या पत्र्याकडंही नीट बघितलं, सवय असते.

भाऊ मनानं वाईट नाहीत. त्यांनी दिपालीचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. ती फेटा बांधून उभी राहिली, समोर तिची तीन चित्रं पत्र्याला तोंड लावून उभी होती, आणि भुजंगला काहीतरी वाजव म्हणून सांगण्यात आलं. कीबोर्ड नव्हता म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या. भाषणात भाऊ म्हणाले की ही निवड झालीच असं समजा. मला तिथंच ऑर्डर दिली, दहा बाय आठ, दिपालीताईंची पुण्याला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुक नेहमीचे. मी म्हणालो निवड झाली नाही भाऊ. ते म्हणाले, तू छाप तर.

मॅडम चारला गेल्या. जाताना दिपालीचा हात धरून म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, मी स्वतः येईन. दिपाली हो म्हणाली. पुढच्या वर्षी ती कुठं असेल हे तिनं सांगितलं नाही, मॅडमनी विचारलं नाही. दोन चित्रं पाहिली, तीन पाहता आली नाहीत, असं त्यांनी अर्जावर लिहिलं. प्रामाणिक बाई.

मी तो फ्लेक्स छापला. चौकात आठ दिवस होता. बन्सीधरनं सुरकुती न पडता लावला. मधला मोठा चेहरा भाऊंचा, दिपालीचा जरा लहान. बाजाराला आलेल्या बाया म्हाळसाबाईला थांबवून अभिनंदन करत होत्या. पहिले दोन दिवस ती खरं काय ते सांगायची. तिसऱ्या दिवसापासून नुसती मान डोलवायला लागली. येलदरीवाल्यांनीही तो बघितला आणि निरोप पाठवला, की पोरगी पुण्याला चालली असंल तर आमी दुसरीकडं बघतो. मग सटवाजीमामांना एसटीनं येलदरीला जाऊन, त्यांच्या ओसरीवर बसून, माझी लेक कुठंच निवडली गेलेली नाही, असं पटवून द्यावं लागलं. ते एकदाचं त्यांना पटलं. तारीख धरूनच मामा परत आले.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स आणि तो पाठमोरा माणूस मी दुकानात आणून ठेवलाय. किशनरावांच्या गंजीवरचा निघाला तेव्हा ओलीनं रंग सोयाबीनला चिकटून आला होता. बाकीचे कुठं कुठं आहेत ते मला पाठ आहे. छपराला आहेत, ट्रॉलीवर आहेत, न्हाणीच्या आडोशाला आहेत. तोंडं सगळी बाहेर.

परवा दिपाली दुकानात आली. लग्नाच्या पत्रिकेचं बघायला आली असेल म्हणून मी फाईल उघडली. ती म्हणाली ते राहू द्या दादा, एक अर्ज टाईप करा. मी म्हणालो, असल्या अर्जाचं कुणी काही करणार नाही. ती म्हणाली, माहीत हाय, तुमी टाईप करा. ती सांगत गेली, मी सरकारी भाषेत बसवत गेलो. भुजंगनं खाली साक्षीदार म्हणून सही केली. तहसीलच्या आवक खिडकीवर शिक्का मारून मिळाला. अर्ज कोणत्या विभागाकडं पाठवायचा ते मात्र त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, पालम, जि. परभणी

विषय : तालुक्यातील फ्लेक्स एक दिवसाकरिता पाठीमागील बाजूने लावण्याचे आदेश मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदाराने रंगविलेली चोवीस चित्रे सध्या तालुक्यातील विविध फाटके, छपरे, ट्रॉल्या व आडोसे यांच्या आतील बाजूस आहेत. पंचविसावे चित्र सोयाबीनसोबत विकले गेले असल्याने त्याबाबत मागणी नाही. तरी सोबत जोडलेल्या यादीतील सर्व फ्लेक्सधारकांनी आपापले फ्लेक्स एक दिवस, सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत, चेहरे आत व चित्रे बाहेर येतील अशा रीतीने लावावेत, असे आदेश व्हावेत. सदर दिवशी पुणे येथील समितीस पुनश्च पाहणीसाठी पाचारण करण्यात यावे. आणि पाहणीचा अहवाल प्राप्त होईपर्यंत अर्जदाराचे येत्या सोळा तारखेस योजिलेले लग्न आपल्या अधिकारात तहकूब ठेवण्यात यावे.